शुक्राकडे जाणाऱ्या यानावर एक डबा ठेवा : इस्रोला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि अवकाश विज्ञान मोहिमांचे नियोजन करणारे सर्व वैज्ञानिक,
भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो), बंगळुरू

विषय : शुक्र मोहिमेवर आणि पुढच्या दूरच्या यानांवर मॅग्नेटारचे (प्रचंड चुंबकीय क्षेत्राच्या ताऱ्यांचे) महाभडके टिपणारा लहान गॅमा मापक बसवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातली निवृत्त शिक्षिका आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. आमच्या गच्चीवरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, दोन तबकड्या दिसतात. या पत्राचे मूळ त्या तबकड्यांपाशीच आहे, पण तिकडे नंतर येते. आधी मागणी सांगते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये शुक्र मोहिमेला मंजुरी दिली आणि उड्डाणासाठी मार्च 2028 हे लक्ष्य जाहीर झाले. त्या यानावर, आणि त्यानंतर पृथ्वीपासून दूर जाणाऱ्या आपल्या प्रत्येक यानावर, गॅमा किरण मोजणारा जेवणाच्या डब्याएवढा एक मापक असावा, ही माझी विनंती आहे. तो फार संवेदनशील नको. थोडा मठ्ठच हवा. त्याच्या घड्याळात मात्र मिलिसेकंदाचीही चूक असू नये.

उत्तम उपकरणे बनवणाऱ्या आपल्यासारख्यांकडे मठ्ठ उपकरण मागायचे, याला कारण आहे. ते कारण एका रात्रीत घडले.

28 डिसेंबर 2004 ची पहाट आठवा. त्सुनामी येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. टीव्हीवर नागपट्टिनम, कड्डलोर, अंदमान-निकोबार यांखेरीज दुसरे काही नव्हते. मार्गशीर्षातली पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, चंद्र पश्चिमेकडे कललेला. आपल्या घड्याळात तीन वाजले आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात धनू राशीच्या दिशेने आलेली गॅमा किरणांची एक लाट सूर्यमालेतून आरपार गेली. भारत त्या वेळी पृथ्वीच्या आडोशाला होता. धनू रास आपल्या पायांखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला होती. सूर्यही तिथेच, तिच्या शेजारी होता. लाट आदळली ती पॅसिफिक महासागराच्या बाजूने. जमिनीवर कुणाला काही झाले नाही, कारण वातावरणाने ती वरच्या वर शोषून घेतली, पण त्या शोषण्यात आयनावरण (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) हलले आणि रेडिओ लहरींमध्ये ते नोंदले गेले. एका ताऱ्याने, हजारो प्रकाशवर्षांवरून, पृथ्वीच्या हवेला हात लावला होता.

पृथ्वीला ओलांडून तीच लाट चंद्रावर आपटली आणि तिचा थोडा भाग उलट फिरला. रशियाचा कोरोनास-एफ हा उपग्रह त्या क्षणी आपल्यासारखाच पृथ्वीच्या आड होता. त्याला मूळ लाट दिसलीच नाही. दोन-तीन सेकंदांनी चंद्रावरून आलेला पडसाद मात्र त्याने टिपला. आमच्या अंगणावर त्या पहाटे जो चंद्र होता, तोच हा चंद्र. हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले, आणि तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही.

तारा होता एसजीआर 1806-20. त्याच्या अंतराचे आकडे अजून थोडे हलतात. तीस हजार प्रकाशवर्षांच्या आसपास धरतात. पहिला झोत सुमारे 0.2 सेकंदाचा. सूर्य लाखभर वर्षांत जेवढी ऊर्जा देतो, त्या पट्टीची ऊर्जा तेवढ्या क्षणात बाहेर पडली. त्यामागून सहा मिनिटांहून जास्त वेळ मंद होत जाणारी शेपटी आली. ती दर 7.56 सेकंदांनी लुकलुकत होती, कारण तो तारा स्वतःभोवती तेवढ्या वेळात एक फेरी मारतो.

हे पत्र माझे विद्यार्थीही वाचतील म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून जास्त वस्तुमान वीसेक किलोमीटरच्या गोळ्यात कोंबलेले. जुन्नरहून निघून नारायणगावच्या थोडे पुढे गेलात की गोळा संपला. त्यातल्या काही ताऱ्यांचे चुंबकीय क्षेत्र शंभर लाख कोटी गॉसच्याही वर जाते. आपल्या पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. अशा ताऱ्याला मॅग्नेटार म्हणतात. रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्पसन यांनी 1992 साली ही कल्पना मांडली. 1998 साली क्रिसा कुव्हेलिओटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच एसजीआर 1806-20 ची फिरकी किती हळू होत चालली आहे हे मोजले आणि कल्पनेला आधार मिळाला. अशा ताऱ्यात चुंबकीय क्षेत्र आतल्या आत पिळले जाते. घट्ट कवच तो पीळ धरून ठेवते, धरून ठेवते, आणि एक दिवस कवच तडकते. क्षेत्ररेषा झटक्यात नव्याने जुळतात. तो पहिला झोत. उरलेला तप्त गोळा क्षेत्राच्या कुशीत अडकून राहतो आणि ताऱ्याबरोबर फिरत फिरत विझतो. ती शेपटी. मी याला महाभडका म्हणते, कारण मॅग्नेटार एरवीही लहानसहान भडके मारत असतात आणि त्यांची या भडक्याशी बरोबरी होत नाही.

आपल्या आकाशगंगेत आणि मोठा मॅगेलनिक मेघ या शेजारच्या लहान दीर्घिकेत मिळून असे महाभडके आजवर तीनच दिसले. 5 मार्च 1979, 27 ऑगस्ट 1998 आणि 27 डिसेंबर 2004 (ही तारीख जागतिक वेळेप्रमाणे, आपल्याकडे 28 उजाडली होती). मधली अंतरे एकदा 19 वर्षे, एकदा 6 वर्षे. त्यानंतर वीस वर्षांहून जास्त काळ शांतता आहे. ज्ञात मॅग्नेटार तीसच्या आसपास. त्यांपैकी कोणाचे कवच कधी तडकेल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे पुढचा महाभडका मी हे पत्र संपवण्याआधी येऊ शकतो आणि माझी नात निवृत्त होईपर्यंत न येऊही शकतो.

आता उपकरणांचे. डिसेंबर 2004 मध्ये आकाशात चांगल्या डोळ्यांची कमतरता नव्हती. नासाचा स्विफ्ट महिनाभरापूर्वीच वर गेला होता. युरोपचा इंटिग्रल होता. सूर्याकडे बघत बसलेला रेसी होता, आणि तारा सूर्यापासून अवघ्या पाच अंशांवर असल्याने त्याच्याही नजरेत आला. स्विफ्टने तर त्या दिशेला तोंडही केलेले नव्हते. किरण यानाच्या बाजूच्या भिंतींतून आत शिरले. इतकी सगळी उपकरणे, आणि पहिल्या झोतात ती भरून वाहिली. ढगफुटीत पर्जन्यमापक काठोकाठ भरून वाहू लागला की तलाठ्याला एवढेच लिहिता येते की पाऊस याहून जास्त झाला. किती जास्त, ते लिहिता येत नाही. तसेच झाले. ताऱ्याच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण मोजायला गेलेली माणसाची सर्वांत हुशार उपकरणे नेमकी त्याच क्षणी आंधळी झाली.

मग झोताचा माथा मोजला कुणी? जपानच्या जिओटेल उपग्रहावरच्या कण-मापकांनी. ते पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय आवरणातले कण मोजायला नेलेले होते. गॅमा किरणांसाठी ते इतके मठ्ठ होते की भरून गेले नाहीत.

ही एकट्या 2004 ची गोष्ट नाही. 9 ऑक्टोबर 2022 रोजी आजवरचा सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट आला (तो मॅग्नेटारचा नव्हता, फार दूरच्या दीर्घिकेतला होता) तेव्हाही मोठी उपकरणे भरून गेली, आणि जीआरबीअल्फा नावाच्या, लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी 10 सेंटिमीटर असलेल्या उपग्रहाने माथा मोजला. स्लोव्हाकिया, हंगेरी आणि चेकियातल्या लोकांनी तो बनवला होता. त्यातला गॅमा मापक म्हणजे सिझियम आयोडाइडच्या स्फटिकाची, बिस्किटाच्या पुड्याहून लहान अशी एक वडी. 'डबा' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही.

आणि हा डबा शुक्राकडेच का न्यायचा, याचे उत्तर 1979 मध्ये आहे.

त्या वर्षी 5 मार्चला, सोमवारी, आपल्याकडे रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते. सोव्हिएत संघाची व्हेनेरा 11 आणि व्हेनेरा 12 ही याने शुक्रावर आपापले अवतरक सोडून सूर्याभोवती भटकत होती. काम झालेली याने. पण त्यांच्यावर लेनिनग्राडच्या इऑफी संस्थेने बनवलेले कोनूस हे गॅमा मापक होते आणि येवगेनी मझेत्स यांचा गट त्यांच्या नोंदी पाहत होता. एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात त्यांची मोजणी सेकंदाला 100 वरून 2,00,000 च्या वर गेली. अकरा सेकंदांनी सूर्याभोवती फिरणाऱ्या हेलिओस 2 या यानाचे मापक भरून वाहिले. मग शुक्राभोवती फिरणाऱ्या पायोनिअर व्हीनसला ती लाट लागली, मग पृथ्वीजवळच्या व्हेला उपग्रहांना (ते चोरून केलेल्या अणुचाचण्या शोधायला ठेवले होते), आणखी काहींना, आणि शेवटी आयसी-3 या यानाला.

आमच्याकडे जूनमध्ये काय होते, सांगते. पश्चिमेकडून ढग येतात. जुन्नरच्या माणसाचा फोन येतो, "सुरू झाला." थोड्या वेळाने नारायणगावात थेंब पडतात, त्यानंतर बेल्ह्याचा फोन. तिन्ही गावांच्या वेळा लिहून ठेवल्या तर घरात बसून सांगता येते की पाऊस कोणत्या बाजूने आला. गावे एकमेकांपासून जितकी दूर, तितकी दिशा नेमकी. एकाच अंगणात चार पर्जन्यमापक ठेवून हे कळणार नाही. सूर्यमालेत विखुरलेली याने ही आमच्या गावांसारखी आहेत. 1979 च्या लाटेच्या वेळा जुळवल्या तेव्हा तिचा उगम मोठ्या मॅगेलनिक मेघात, एन49 या स्फोटावशेषाशी जाऊन पोहोचला. सुमारे 1,60,000 प्रकाशवर्षांवर. त्या लाटेच्या शेपटीत 8 सेकंदांची लुकलुक होती. मॅग्नेटार हा शब्द जन्मायला अजून तेरा वर्षे होती, पण त्याची पहिली मोठी साक्ष शुक्राकडे गेलेल्या यानांनी देऊन ठेवली होती.

शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही सुमारे 4 कोटी किलोमीटरवर असतो. प्रकाशाला सव्वादोन मिनिटे लागतात. सर्वांत दूर असतो तेव्हा 26 कोटी, म्हणजे चौदा मिनिटांहून जास्त. एवढ्या अंतरावरच्या दोन घड्याळांनी एकच झटका मिलिसेकंदाच्या अचूकतेने नोंदवला, तर आकाशातली त्याची जागा एका अरुंद रेघेवर येऊन ठेपते. मंगळाच्या बाजूला तिसरे यान असेल तर रेघा एकमेकींना छेदतात. हे काम जगभरची याने मिळून गेली कित्येक दशके करत आली आहेत. पण त्यातले गडी म्हातारे झालेत. विंड हे यान 1994 सालचे. मार्स ओडिसी 2001 सालचे. युलिसिस 2009 मध्ये थांबले, मेसेंजर 2015 मध्ये बुधावर आदळून संपले. इंटिग्रलने 28 फेब्रुवारी 2025 रोजी निरीक्षणे थांबवली.

इंटिग्रलचे जाणे मला फार लागले. 15 नोव्हेंबर 2023 रोजी त्याने एम82 या दीर्घिकेतला, 1 कोटी 20 लाख प्रकाशवर्षांवरचा एक झटका पकडला. तो एका सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा होता. अवघ्या 13 सेकंदांत जगभरच्या दुर्बिणींना त्याची जागा कळवली गेली. तिकडे बघितले तर क्ष-किरणांत किंवा दृश्य प्रकाशात मागे काहीच तेज उरलेले नव्हते, गुरुत्वीय लहरीही नव्हत्या. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले असते तर काही ना काही मागे राहिले असते. म्हणून हा मॅग्नेटारचा महाभडका, असा निष्कर्ष निघाला. त्याआधी 15 एप्रिल 2020 ला एनजीसी 253 मधून असाच एक आला होता आणि त्याची जागा पक्की करण्यात मंगळाभोवतीच्या मार्स ओडिसीचा हात होता. दूरच्या दीर्घिकांतल्या भडक्यांची शेपटी इतकी मंद असते की दिसत नाही. लुकलुक पाहून ओळखता येत नाही. अशा वेळी दिशा हाच पुरावा. दिशा चुकली की तो झटका इतर हजारो गॅमा किरण स्फोटांच्या यादीत हरवून जातो.

आता खोडदकडे येते. 2004 च्या स्फोटात ताऱ्याने जे द्रव्य बाहेर फेकले त्याचे रेडिओ तेज नंतर बरेच दिवस टिकले. ते पाहणाऱ्या दुर्बिणींमध्ये अमेरिकेच्या व्हीएलएबरोबर आमची जीएमआरटी होती. 2005 साली 'नेचर'मध्ये आलेल्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पूनम चंद्रा आणि अलक राय ही नावे आहेत आणि कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णीही आहेत. कांद्याच्या आणि द्राक्षाच्या शेतांमधून उभ्या असलेल्या 45 मीटरच्या तीस तबकड्यांनी त्या ताऱ्याच्या राखेची धग मोजली आणि त्याच्या अंतराचा अंदाज बांधायला मदत केली. दर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला, मी मुलांना खोडदला घेऊन जात असे. तिथे उभी राहून मी त्यांना हे सांगायचे. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, रेडिओ आपण मोजला, मग तो पहिला भडका आपण का नाही मोजला?" मी म्हणाले, तो हवेत शोषला जातो, त्याला अवकाशात जावे लागते. ती म्हणाली, "जातो की आपण अवकाशात." मला पुढे बोलता आले नाही. हे पत्र तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट, आणि मला वाटते यातली सर्वांत मोठी. 2004 च्या महाभडक्यानंतर सुमारे दहा मिनिटांनी इंटिग्रलच्या नोंदीत गॅमा किरणांचा आणखी एक मंद, पसरट उंचवटा आला होता. तो 2005 मध्येच प्रसिद्ध झाला. तो कशाचा, हे कुणाला नीट उलगडले नव्हते. नोंद पडून राहिली. वीस वर्षांनी कोलंबिया विद्यापीठातले अनिरुद्ध पटेल, ब्रायन मेट्झगर आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच बाजूने गणित करत आले. महाभडक्यात कवचाचे तुकडे उडाले, तर त्यात न्यूट्रॉन भराभर पकडून सोन्या-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्ये बनतील आणि त्यांच्या किरणोत्सारी क्षयातून अमुक वेळेनंतर अमुक ऊर्जेचे गॅमा किरण यावेत, असे ते गणित होते. ते जुन्या उंचवट्याशी जुळले. रेसी आणि विंडच्या जुन्या नोंदींनीही दुजोरा दिला. एप्रिल 2025 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे आकाशगंगेतल्या अशा जड मूलद्रव्यांपैकी 1 ते 10 टक्के महाभडक्यांतून आली असावीत. आजीच्या पाटल्यांतले चार-दोन गुंज सोने कुठल्यातरी मॅग्नेटारच्या कवचातले असू शकते, हे कळायला वीस वर्षे जपलेली एक नोंद पुरेशी ठरली.

पण तो एकच उंचवटा आहे. एका भडक्याचा. दुसरा कधी येईल तेव्हा तो झोत संपल्यावर दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनीही कुणीतरी मोजत असले पाहिजे.

यावर आपले म्हणणे काय असेल, याचा विचार मी केला आहे. आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह आहेच, असे कुणी म्हणेल. आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. 28 सप्टेंबर 2015 ला तो अवकाशात गेला आणि त्याच्यावरच्या सीझेडटीआय या उपकरणाने शेकडो गॅमा किरण स्फोट पकडले. त्याच्या उभारणीत मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संशोधन संस्थांचा मोठा वाटा आहे. पण 650 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहाचे जवळजवळ तीस टक्के आकाश खुद्द पृथ्वीनेच झाकलेले असते. कोरोनास-एफला चंद्राच्या पडसादावर समाधान मानावे लागले ते म्हणूनच. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेली 'दक्ष' ही योजना याच अडचणीवर आहे : पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे सगळे आकाश सतत नजरेत. दक्ष लवकरात लवकर आकाशात जावा ही माझी मनापासून इच्छा आहे आणि हे पत्र त्याच्या वाटेत येणारे नाही. दक्षमुळे आपले अंगण पूर्ण झाकले जाईल. तरी ते दोन मापक एकाच अंगणातले राहतील; त्यांच्यामधले अंतर प्रकाश सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो. बेल्ह्याचा फोन शुक्राकडूनच यायला हवा.

वजनाचे म्हणाल, तर यानावर ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब असतो हे मी जाणते. शुक्राच्या पृष्ठभागाचा आणि वातावरणाचा अभ्यास करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे; त्यांच्या ताटातले काढून मला नको. म्हणून माझी मागणी दोन पायऱ्यांची आहे. जागा निघत असेल तर डबा बसवा. निघतच नसेल, तर त्या यानावर किरणोत्सार किंवा कण मोजणारे जे कोणते उपकरण जाईल, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढी सोय करा की मोजणी एकदम उसळली तर उसळीच्या आधीचा एक मिनिट आणि नंतरची वीस मिनिटे मिलिसेकंदाच्या तपशिलाने जपून ठेवली जातील. जिओटेलने हेच शिकवले आहे. मी कागदावर हिशेब केला. एकवीस मिनिटे, सेकंदाला हजार नोंदी, ऊर्जेचे चार पट्टे, प्रत्येक नोंदीला दोन बाइट : दहा मेगाबाइटच्या आसपास बसते. मोबाइलवरचे दोन-तीन फोटो. यान पृथ्वीकडे अँटेना वळवेल तेव्हा सवकाशीने पाठवले तरी चालेल. फक्त "काहीतरी आले" आणि "अमुक वेळेला आले" एवढी एक ओळ लगेच यावी.

यानाचे घड्याळ आणि पृथ्वीवरची वेळ यांचा मेळ किती अचूक आहे, हे उड्डाणानंतर वरचेवर तपासून नोंदींबरोबर प्रसिद्ध करावे. जुन्या मोहिमांमध्ये झटका नीट नोंदला जाऊनही घड्याळाच्या शंकेमुळे त्याचा उपयोग कमी झाल्याच्या गोष्टी मी वाचल्या आहेत. आणि कच्च्या नोंदी उघड्या ठेवाव्यात, उंचवटे आणि खाचांसकट, कुणाला ते दोष वाटले तरी. त्या उंचवट्यात काय आहे हे वीस वर्षांनी येणारा एखादा संशोधक सांगेल.

आदित्य-एल1 बद्दलही एक विनंती. ते 15 लाख किलोमीटरवर सूर्याकडे तोंड करून बसले आहे आणि त्याच्यावरचे हेलिओस हे उपकरण (1979 च्या हेलिओस 2 यानाहून वेगळे) कठीण क्ष-किरण मोजते. दर वर्षी डिसेंबरच्या शेवटी सूर्य धनू राशीत, एसजीआर 1806-20 च्या जवळून जातो. 2004 मध्ये रेसीला मिळाले ते त्या दिवसांत हेलिओसलाही मिळू शकते. सूर्याच्या ज्वालेसारखी न दिसणारी उसळी गोंगाट म्हणून गाळली जाऊ नये, एवढे त्या गटाने पाहावे.

हे सगळे आपल्याला नवे नाही, हे मला ठाऊक आहे. इस्रोने 1992 मध्ये स्रॉस-सी आणि मे 1994 मध्ये स्रॉस-सी2 या उपग्रहांवर गॅमा किरण स्फोट मोजणारी उपकरणे पाठवली होती. स्रॉस-सी2 जुलै 2001 पर्यंत कक्षेत होता. ज्या काळात आमच्या प्रयोगशाळेत धड एक दोलनदर्शी नव्हता, त्या काळात आपण हे करत होता. मी मुलांना तेही सांगत असे. त्याच धाग्याचे दुसरे टोक मी आपल्याकडे मागते आहे.

यानाची अंतिम जुळणी एकदा ठरली की त्यात एक स्क्रूही नव्याने घालता येत नाही, असे आपल्यातल्याच एका निवृत्त अभियंत्याने मला खोडदच्या प्रदर्शनात सांगितले होते. म्हणून हे पत्र आता लिहिले. आपल्याला शक्य असेल तर हो किंवा नाही एवढे कळवावे. नाही असेल तर कारणासह. ती मुलगी आता पुण्यात अभियांत्रिकीला आहे. तिला मी ते कारण वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका
जुन्नर तालुका, जिल्हा पुणे

ता. क. : 27 ऑगस्ट 1998 रोजी दुपारी, आपल्या वेळेप्रमाणे चारच्या सुमारास, गरुड तारकासमूहातल्या एसजीआर 1900+14 चा महाभडका आला होता. पॅसिफिकवरचे रात्रीचे आयनावरण त्याने काही मिनिटे दिवसासारखे करून टाकले होते. तेव्हा स्रॉस-सी2 कक्षेत होता. त्या दुपारची त्याची काही नोंद आपल्या कपाटात असेल, अगदी कागदावरची असली तरी, ती कृपया स्कॅन करून सर्वांसाठी खुली करावी.